पट्टेवाल्याच्या नावाचा पुकारा

माझे भाऊजी न्यायालयात पट्टेवाले होते. दाराशी उभं राहून खटल्यातल्या माणसांची नावं पुकारायची, हे त्यांचं काम. आवाज असा खणखणीत, की फाटकाबाहेर चहा पिणारा साक्षीदार कप टाकून धावत यायचा. सगळी गल्ली त्यांना 'हाजीर' म्हणायची. माझं त्यांच्याशी कधी फारसं जमलं नाही. साहेब म्हणतील ती पूर्व दिशा, असला माणूस मला मानवत नाही. पण माझ्या ताईवर त्यांचा जीव होता, हे नाकारलं तर माझी जीभ झडेल.

ताईचा उजवा डोळा आधीच गेला होता. डावा वाचवायचा तर शस्त्रक्रिया लगेच करायला हवी होती. भाऊजींनी निवृत्तीच्या पैशांतून तेवढी रक्कम बाजूला काढली होती आणि त्या पैशांना ते काही केल्या हात लावत नव्हते. सोमवारी ती रक्कम दवाखान्यात भरायची होती.

त्याआधीच्या आठवड्यात, एका दुपारी फोन वाजला. मी पोलीस बोलतोय, तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडलेत, असं कुणीतरी दरडावून सांगितलं. मग फोनच्या पडद्यावर उंच खुर्चीत बसलेला, काळ्या कोटातला माणूस आला आणि त्याने भाऊजींचं पूर्ण नाव घेतलं. भाऊजी ताडकन उभे राहिले. तुम्ही घरातच अटकेत आहात, फोन बंद करायचा नाही, कुणाला सांगायचं नाही, असं तो बजावत गेला आणि हे मान डोलवत गेले. न्यायाधीशासमोर बसायचं नसतं, म्हणून गुडघेदुखीने बेजार असलेला हा माणूस पलंगाशेजारी तासन्‌तास उभा.

ताईने दार ढकललं. तिला दिसत कमी होतं, पण ऐकू नीट येत होतं.

"अहो, ठेवा तो फोन," ती म्हणाली. "पोलीस कधी फोनवर अटक करतात का? कुणाला सांगू नका म्हणतोय, तिथेच समजा काय ते. चोर आहेत मेले."

भाऊजींनी वळून पाहिलं आणि ते कामावरच्या त्या आवाजात म्हणाले, "साहेब बसलेत. तुम्ही बाहेर थांबा."

सगळा संसार झाला, पण बायकोला त्यांनी कधी अहो-जाहो केलं नव्हतं. त्यांनी आतून कडी लावली. ताईने दार बडवलं, मग मला बोलावलं. मी कामावरून धापा टाकत पोचलो तेव्हा कडी निघाली होती. तपासणीसाठी म्हणून सगळी रक्कम गेली होती आणि भाऊजी विझलेल्या पडद्यासमोर अजून उभेच होते.

मी तोंडाला येईल ते बोललो. "उभा जन्म कोर्टात गेला तुमचा. कुठला न्यायाधीश असा फोनवर पैसे मागतो?"

"कळत होतं रे," ते म्हणाले. "साहेब स्वतः कधी नाव पुकारत नाहीत, ते माझ्यासारख्याचं काम. तिथेच पाल चुकचुकली होती. पण आपलं नाव ऐकलं आणि पायांतलं बळच गेलं. लोकांचं असं व्हायचं ना, तेव्हा मला वाटायचं, नाटकं करतात."

मला त्यांची दया आली नाही. आजही येत नाही. फोन ठेवून दिला असता तर काय आभाळ कोसळणार होतं?

तक्रार केली, हेलपाटे घातले, पण पैसे परत आले नाहीत. इकडून तिकडून जमवाजमव करून ताईला दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. डावा डोळाही गेला.

ताई भांडली असती तर बरं झालं असतं. ती कामापुरतंसुद्धा बोलेनाशी झाली. परवा मी गेलो होतो, तेव्हा ती भिंत चाचपत स्वयंपाकघराकडे निघाली होती. भाऊजी आधार द्यायला उठले, तर तिने हात काढून घेतला.

"अगं, शिव्या दे, पण बोल माझ्याशी," ते म्हणाले.

"मी काय बोलणार," ताई शांतपणे म्हणाली. "मला बाहेर थांबायला सांगितलंय तुम्ही."