कोरडा कब्जा

पुण्याकडची माणसं त्याला बिजागरी म्हणतात. आमच्या हदगावात दार चौकटीला धरून ठेवणाऱ्या त्या लोखंडी पट्टीला कब्जा म्हणतात. माझे वडील सुतार, जन्मभर कब्जे बसवत आले. "लोकांचे कब्जे तहसीलात अडकतात, आमचे चौकटीत बसतात," असं ते गिऱ्हाइकाला सांगायचे आणि स्वतःच आधी हसायचे. आता तो विनोद ते करत नाहीत. त्याला कारण मी.

नांदेडला पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला आम्ही तिघांनी रिमोटवर उडणारं विमान बनवलं होतं. लातूरच्या एका कॉलेजात स्पर्धा होती. शेपटीची आडवी फळी असते ना, तिच्या मागच्या काठाला एक हलती पट्टी असते. ती वर-खाली झाली की विमानाचं नाक वर-खाली होतं. ती पट्टी फळीला जोडायची राहिली होती. त्यासाठी लाकडात केसाएवढ्या बारीक फटी पाडाव्या लागतात, आणि आम्ही दोन फळ्या वाकड्या कापून वाया घालवल्या होत्या. स्पर्धा दोन दिवसांवर. मी शेपटी कापडात गुंडाळली आणि हदगावची बस धरली.

"बाबा, कब्जे बसवायचेत," मी म्हणालो. एवढंच म्हणालो. कॉलेजात आम्ही 'हिंज' म्हणायचो, पण घरात इंग्रजी झाडायची लाज वाटली. तो एक शब्द पुढं महागात पडला.

त्यांनी ते हलकं लाकूड हातात तोललं. "हे लाकूड हाय का खारी? चहात बुडवून खाऊन टाकावं की!" मग कब्जे बघितले. आमच्या कब्ज्यांना ना मधली खिळी ना स्क्रूचं भोक, नुसत्या बोटाच्या पेराएवढ्या चिवट कागदासारख्या पट्ट्या. अर्धी पट्टी फळीत, अर्धी हलत्या काठात घालायची, वरून पातळ गोंदाचे थेंब सोडायचे. पट्टी गोंद पिते आणि लाकडाला धरते. हे सगळं मला ठाऊक होतं. त्यांना सांगायला पाहिजे होतं, ते मी सांगितलं नाही. बापाला काय शिकवायचं, असं वाटलं. कप्पाळ माझं!

फटी त्यांनी अशा पाडल्या की बघत राहावं. श्वास रोखून, पातळ पातं ओढत, काठाच्या बरोबर मध्यातून. चारही कब्जे आत गेले, शेपटीची पट्टी हलवली तर वाऱ्यावर हलल्यागत हलली. तेवढ्यात नांदेडहून मित्राचा फोन आला आणि मी बोलत दाराशी गेलो. मागून बाबा म्हणाले, "सगळ्यांला थेंब-थेंब तेल पाजलंय रे." मी मागं न बघता म्हणालो, "हाव, हाव."

त्यांच्या धंद्याची रीतच ती. दार लटकवलं की खिशातली शिलाई मशीनच्या तेलाची कुप्पी काढायची, प्रत्येक कब्ज्याला थेंब पाजायचा, मगच दार मालकाच्या ताब्यात द्यायचं. "कोरडा कब्जा घरात कुरकुर आणतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कब्जा म्हटल्यावर त्यांनी तेल घातलं. दुसरं काय करणार माणूस?

मी फोन ठेवला आणि त्याच कब्ज्यांवर गोंद सोडला. वरून वाळलेला दिसला. गोंद वाळल्यावर प्रत्येक कब्जा हिसका देऊन ओढून बघायचा असतो, हा पहिला नियम. पण बस सुटायची वेळ झाली होती. नाही बघितला.

स्पर्धेच्या दिवशी बाबा लातूरला आले. हदगावहून नांदेड, नांदेडहून लातूर, इस्त्रीचा सदरा घालून. येताना अर्ध्या बाजाराला सांगून आले होते, "पोराच्या विमानाचे कब्जे मी बसवले." विमान जमिनीवरून वर गेलं तेव्हा मैदानात सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या त्यांच्याच. एक फेरी झाली. दुसऱ्या फेरीला मी नाक वर घ्यायला रिमोटची दांडी ओढली आणि पट्टी शेपटीपासून सुटून गिरक्या खात खाली आली. विमान सरळ जमिनीत घुसलं.

मी धावत जाऊन पट्टी उचलली. चारही कब्जे सुळकन बाहेर आलेले, गुळगुळीत. नाकाला लावले तर मशीनचं तेल. तेल प्यालेल्या कब्ज्यांनी गोंद धरलाच नव्हता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमचे सर शेजारी येऊन उभे, दोघं मित्र, परक्या कॉलेजची पोरं गोळा झालेली, आणि मी बापावर ओरडलो, "तेल कुणी घालायला सांगितलं होतं तुम्हाला? चौकटी ठोका तुम्ही! माझ्या कामाला हात लावायचा न्हाई यापुढं!"

बाबांनी माझ्याकडं बघितलं. मग सरांकडं बघितलं. "चुकलं बापा माझं," म्हणाले. परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले, मी दोन बाकडी मागं.

पुढं कळलं की खिळीच्या कब्ज्यांचीही विमानं असतात, आणि त्या खिळीला गोंद धरू नये म्हणून तेलाचा थेंब लावतातच. म्हणजे त्यांचा हात शहाणाच होता. आणि त्यांचे शब्दही मला आठवले, 'थेंब-थेंब तेल पाजलंय.' आठवले म्हणजे काय, विसरलो कधी होतो? मैदानातच आठवले होते. तरी तोंड मिटून बसलो. एवढा नालायकपणा मी दुसऱ्या कुणाशी केलेला नाही.

सुट्टीत गावी गेलो, तेव्हा बाबा शेजारच्या घरी दार बसवत होते. मी कुंपणाजवळ थांबलो. काम झालं, कुप्पी काढली, आणि माझ्या बापानं मालकाला विचारलं, "तेल घालू का?" जन्मात कुणाला विचारलं नव्हतं त्यांनी. मालक हसून म्हणाला, "इचारता काय मिस्त्री? घाला की." मला तिथंच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

यंदा मी लातूरला फ्लॅट घेतला. बाबा वास्तुशांतीला आले. बाहेरचं दार बिल्डरच्या माणसानं बसवलेलं, दर पाहुण्याला कर्रर करायचं. बायको म्हणाली, "बाबा, तुमच्या खिशात तेल असतंय ना? घाला की थोडं." बाबा म्हणाले, "त्याच्या कामाला मी हात लावत न्हाई, पोरी." आवाजात राग नव्हता. हवामान सांगावं तसं सांगितलं.

पाहुणे गेल्यावर मी त्यांच्यापुढं बसलो. "बाबा, तेल घातल्याचं तुम्ही मला सांगितलं होतं. मी हाव म्हणालो होतो."

"ठाऊक हाय की."

"मग त्या दिवशी बोलला का न्हाईत?"

"तुझे सर उभे होते ना बाजूला," ते म्हणाले. खिशातली कुप्पी काढून माझ्या हातात दिली आणि चपला शोधायला लागले. "घे, तूच घाल. मला हदगावची बस गाठायचीय."