जूनचा दुसरा तक्ता

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी दहापासून मी कपाटातले तक्ते काढून संगणकातल्या नोंदींशी ताडून पाहत होते. आमच्या प्रकल्पाचं हे शेवटचं काम. पासष्टीपुढच्या माणसांनी घरच्या घरी रोज अर्धा तास ठरावीक व्यायाम केला तर त्यांचं पडणं कमी होतं का, हे आम्ही लखनऊमधल्या काही वस्त्यांत पाहत होतो. प्रत्येकाला दर महिन्याला एक छापील तक्ता, दिवसाला एक चौकोन. पडलात तर फुली, नाही तर आडवी रेघ. एकदा ताळा जुळला की नोंदी बंद होतात, मग त्यांना कुणालाही हात लावता येत नाही. बाराच्या सुमारास इंदिरा नगरच्या गठ्ठ्यातून गजभिये काकांचे तक्ते हाती आले. पट्टी लावून काढाव्यात तशा रेघा, प्रत्येक चौकोनाच्या बरोबर मध्यावर. काकांना जाऊन तेव्हा सात आठवडे झाले होते. मी जूनचा तक्ता काढून गठ्ठ्याच्या वर ठेवला...

माझे बाबा साताऱ्याचे, काका भंडाऱ्याचे. दोघेही रेल्वेच्या संशोधन संस्थेत, मानक नगरच्या कॉलनीत आमची घरं समोरासमोर. मराठी घरं मोजकीच, त्यामुळे साताऱ्याहून भंडारा किती लांब आहे हे तिथे कुणाच्या लक्षात राहत नसे. दिवाळीचा आमचा चिवडा त्यांच्याकडे जाई आणि बुद्धपौर्णिमेची त्यांची खीर आमच्याकडे येई. काका चाचणी विभागात होते. स्प्रिंगा, पट्ट्या, जोडणीचे भाग यंत्रात घालून ते तुटेपर्यंत ताणायचे आणि किती भाराला, कुठून, कसे तुटले ते लिहायचं, हे त्यांचं काम. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, मोडतोड करायचे पैसे मिळतात का तुम्हाला. ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "हो ना. अन् मोडलं नाही तर साहेब रागावते." एकदा त्यांनी आम्हा मुलांना प्रयोगशाळा दाखवली होती. टेबलावर दोन भागांत तुटलेली एक सळई होती, तिच्या तुटलेल्या तोंडावरून त्यांनी माझं बोट फिरवलं. म्हणाले, धड राहिलेला तुकडा काहीच सांगत नाही, जो तुटला तोच बोलतो.

बारावीला माझी भौतिकशास्त्राची वही त्यांच्या हाती पडली. दोलकाचा प्रयोग होता. आम्ही सगळ्या मुली करायचो तेच मीही केलं होतं, पुस्तकातलं उत्तर घेऊन त्यावरून उलटे आकडे काढले होते. काकांनी दोन पानं चाळली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, शाळेतलं स्टॉपवॉच इतकं चांगलं कधीपासून झालं. मग ओसरीत मोठा लोखंडी नट दोऱ्याला बांधून टांगला, स्वतःचं मनगटी घड्याळ माझ्या हातात दिलं आणि तासभर मला झोके मोजायला लावले. उत्तर पुस्तकापासून बरंच लांब आलं. तेच लिहायला लावलं. प्रात्यक्षिकात मला गुण कमी पडले, बाबा चिडले, दोन दिवस दोघांचं बोलणं बंद होतं. काका तिसऱ्या दिवशी चहाला आले, तेव्हा बाबा म्हणाले, पोरीचे मार्क घालवलेस. काका म्हणाले, "मार्क गेले ना, पोरगी तर नाही गेली." हे मी पुढे माझ्याकडे कामाला लागणाऱ्या प्रत्येक मुलीला सांगत आले. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी, दोलकासकट.

निवृत्तीनंतर काका-काकूंनी इंदिरा नगरला तळमजल्यावर छोटं घर घेतलं. मी लग्नानंतर तिथूनच दोन गल्ल्या सोडून राहते. प्रकल्प सुरू झाला तेव्हा यादीत पहिलं नाव मी काकांचं घातलं. चिठ्ठ्या टाकून माणसं दोन गटांत वाटली, त्यात ते व्यायामाच्या गटात आले याचा मला आनंद झाला. व्हायला नको होता, पण झाला. चौऱ्याहत्तरीचा माणूस फरशीच्या सांध्यावरून टाचेला बोट लावत दहा पावलं चाले, हात न टेकता खुर्चीतून उठे, आणि काकू स्वयंपाकघरातून विचारत, सर्कशीत कधी भरती होणार. दिल्लीहून कुणी पाहणीला आलं की मी त्यांना काकांच्याच घरी नेत असे. ते पाहुण्यांना एका पायावर उभं राहून दाखवत आणि मी शेजारी उभी राहून कौतुक झेलत असे.

जूनमध्ये ते दोनदा पडले. पहिल्यांदा पार्कच्या पायरीवरून, सकाळी. दुसऱ्यांदा दुपारी, काकू बाजारात गेलेल्या असताना. ते झोपून उठले, डोळ्यांपुढे अंधारी आली, गुडघे वाकले आणि पलंगाच्या कडेला धरत धरत जमिनीवर आले. काकूंना घोर लागेल म्हणून दोन्ही वेळा त्यांनी घरात सांगितलं नाही. मुलगा नितीन बंगलोरला, त्यालाही नाही. फक्त तक्त्यात दोन फुल्या मारल्या, आणि दुसऱ्या फुलीखाली बारीक अक्षरात लिहिलं, "उठताना चक्कर." म्हणजे त्या तक्त्याशिवाय हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

आमचा नियम साधा होता. एका महिन्यात दोनदा पडलेल्या माणसाला ओपीडीत न्यायचं, आडवं असताना आणि उभं असताना रक्तदाब मोजायचा, चालू गोळ्या तपासायच्या. तोवर व्यायाम बंद. महिनाअखेरीला मी तक्ता घ्यायला गेले तेव्हा दिल्लीचे पाहणीचे लोक दोन दिवसांनी येणार होते. त्या तिमाहीत व्यायामाच्या गटातली बरीच माणसं गळाली होती. कुणी मुलाकडे गेलं, कुणी कंटाळलं. त्यात काकाच बाद झाले तर मी कुणाचं घर दाखवणार होते... मी दुसऱ्या फुलीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, काका, हे काही पडणं नव्हे. पलंगाला धरून खाली बसलात तुम्ही.

"बसाले नव्हतो ना गेलो मी."

मी म्हटलं, लागलं का? नाही ना? मग कशाला फुली. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग तक्ता उलटा करून मागे छापलेली सूचना त्यांनी मला वाचून दाखवली. मनात नसताना कोणत्याही प्रकारे जमिनीवर येणं म्हणजे पडणं, लागो अथवा न लागो. ती हिंदी सूचना मीच लिहिली होती.

"हे तूच लिवलं ना, संध्या?"

मी हसले. म्हटलं, ते अंगठेबहाद्दरांसाठी, तुमच्यासाठी नाही. आणि पर्समधून कोरा तक्ता काढून त्यांच्यापुढे ठेवला. प्रयोगशाळेत त्यांनी जन्मात कधी खोडलं नव्हतं. चुकलं तर वरून एक रेघ आणि बाजूला सही, खालचं वाचता आलंच पाहिजे. म्हणूनच मी खोडायला सांगितलं नाही, कोरा कागद दिला. त्यांनी पेनचं टोपण काढलं. मग म्हणाले, "तू आता मोठी साहेब आहेस बापा," आणि पहिल्या तारखेपासून सगळा महिना नव्याने भरला. एक फुली, एकोणतीस रेघा. त्यांनी का ऐकलं, याचं मी पुष्कळ उत्तर शोधलं. मला एकच सापडतं, की मी समोर हात पुढे करून बसले होते. जुना तक्ता मी घडी घालून पर्समध्ये टाकला आणि ऑफिसात जाऊन फाडला.

त्यानंतर त्यांच्या एकाही तक्त्यात फुली आली नाही. मी एकदाही विचारलं नाही. ऑगस्टमध्ये भाजीच्या ठेल्यावर भेटले, तर कोपर चांगलंच सोललेलं. मी म्हटलं, हे काय झालं? त्यांनी दुधीला नख लावून पाहिलं, भैयाला पैसे दिले आणि म्हणाले, "घासलं कुठंतरी. तुझ्या प्रयोगाले काही धक्का नाही ना लागला?" मी हसून विषय बदलला. तेही हसले, पण माझ्याकडे न बघता.

सप्टेंबरात सकाळी दहाला काकूंचा फोन आला. हे बाथरूममध्ये पडले, उठवत नाही. मी पाच मिनिटांत पोचले. त्यांना हलवू दिलं नाही, पायाच्या दोन्ही बाजूंना उशा लावल्या, गाडी बोलावली, कागद गोळा केले. अशा वेळी मी कामाची बाई आहे. खुब्याचं हाड मोडलं होतं. नितीन दुपारच्या विमानाने आला. वॉर्डातल्या तरुण डॉक्टरने विचारलं, इससे पहले कभी गिरे थे? नितीनने माहीत नाही अशी मान हलवली आणि माझ्याकडे हात केला, संध्या दीदी के पास तो पूरा रिकॉर्ड है. पार्कच्या पायरीवरची एक फुली तर कागदावरही होती. पण पहिली सांगितली की दुसरी विचारली जाते, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "नहीं. कुछ खास नहीं."

ऑपरेशन झालं, मग न्यूमोनिया झाला. नवव्या दिवशी काका गेले.

जूनमध्ये त्यांना ओपीडीत नेलं असतं तर कदाचित रक्तदाबाची एखादी गोळी कमी झाली असती. कदाचित नसती झाली, आणि ते तरीही पडले असते. हे 'कदाचित' मी स्वतःला सूट म्हणून देऊन पाहिलं. ते पुरत नाही, कारण पुण्यानुमोदनाच्या दिवशी जे झालं त्यात 'कदाचित' असं काहीच नव्हतं. वंदना झाली, पांढऱ्या कपड्यातली माणसं बोलून गेली, घरचे उरले. तेव्हा नितीनने आईला विचारलं, मम्मी, उस दिन फर्श गीला था क्या? चढ्या आवाजात नाही. पण त्याने ते आधीही विचारलं असणार, कारण काकूंचं उत्तर तयार होतं. पुसलं होतं रे मी, त्या म्हणाल्या. आणि मग काकांच्या फोटोकडे बघत, कुणालाच उद्देशून नाही असं, "पुसलं होतं का नाही, आता तेच आठवत नाही." मी तिथेच खुर्चीवर बसले होते. माझ्या हातात चहाचा कप होता. मी तो संपवला.

तर शुक्रवारी... दुपारी प्रकल्पाच्या प्रमुख डॉक्टर मॅडम माझ्या टेबलापाशी आल्या. गजभियेंचा गठ्ठा चाळून म्हणाल्या, हे प्रकरण अहवालात स्वतंत्र घेऊ. पायरीवरून निसटले ते सोडलं तर वर्षभर एकही पडणं नाही, इतका तयार माणूस, आणि मग थेट जीवघेणं पडणं. अशा माणसाबद्दल आधी काहीच इशारा मिळत नाही, हे लोकांना कळायला हवं. मी 'जी' म्हटलं. त्या केबिनमध्ये गेल्या. ज्या माणसाने मला तुटलेल्या तोंडावरून बोट फिरवायला शिकवलं, त्याच्या नावावर आता छापून येणार होतं की त्याने काही सांगितलंच नव्हतं. आणि ते वाचून कुणी डॉक्टर आणखी कुणाच्या वडलांना आडवं-उभं करून बघणार नव्हता.

मी उठून केबिनमध्ये गेले आणि सांगितलं. दोन तक्ते होते, एक मी फाडला. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ओरडल्या नाहीत, मला ते जड गेलं. माझ्याकडचे सगळेच तक्ते आता पुन्हा तपासावे लागतील, समितीला कळवावं लागेल, आणि माझ्याबद्दल जे ठरेल ते समिती ठरवेल, असं त्यांनी सांगितलं. सगळं स्वतःच्या हाताने लिहून द्या म्हणाल्या. मी दाराशी पोचले तेव्हा त्यांनी विचारलं, "घरवालों को पता है?"

शनिवारी सकाळी आठ वाजता मी काकूंकडे गेले. दार उघडंच होतं. काकू बाथरूममध्ये खाली बसून कोरड्या फडक्याने फरशी पुसत होत्या. कोपरे, नळाखालची जागा, उंबऱ्याची खाच. घरात त्या एकट्याच राहतात आता. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून क्रमाने सांगितलं. पार्कची पायरी, पलंगाची कड, दोन तक्ते, कोपर, हॉस्पिटलमधलं माझं 'नहीं'. माफी मागितली नाही. मागितली असती तर त्यांना काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं.

"चक्कर येत होती त्याईले?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"मले नाही सांगितलं." त्यांनी फडक्याची घडी उलटली. मग म्हणाल्या, "म्हणजे फरशी..."

फरशीचं मला माहीत नाही, मी म्हटलं. ओली असेलही. पण ते जूनपासून पडत होते आणि ते मला माहीत होतं.

काकूंनी फडकं बादलीच्या काठावर वाळत टाकलं. भिंतीला धरून उठल्या, मी हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. बाहेरच्या खोलीत जाऊन फोन आणला, नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "मले काय सांगते? त्याले सांग."

तिकडून झोपेतला आवाज आला, हाँ मम्मी.

"मम्मी नहीं, नितीन," मी म्हटलं. "मैं संध्या. उठकर बैठो, फिर सुनो." आणि तो उठून बसेपर्यंत थांबून मी जूनपासून सांगायला सुरुवात केली.