बदल्यात एक कॅचर

शेवगावात बेसबॉल खेळतात म्हटलं की नवखा माणूस आधी हसतो. मी इथल्या कॉलेजात क्रीडा शिक्षक आहे आणि तालुक्याच्या क्लबचा संघ निवडण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. आमचं मैदान म्हणजे मार्केट यार्डाच्या मागची मुरमाड पट्टी. हिवाळ्यात जिल्ह्यातल्या क्लबांची स्पर्धा असते आणि ती सुरू होण्याआधी दोन क्लबांना आपसात खेळाडू बदलता येतात. आमच्यावर ती वेळ कधी आली नव्हती, कारण आमच्याकडचं कुणी मागितलंच नव्हतं.

त्या वर्षी नगरच्या एका क्लबने आमचा पिचर मागितला. पिचर म्हणजे चेंडू फेकणारा, बेसबॉलचा अर्धा सामना त्याच्याच हातात असतो. आमचा हा पिचर विशीतला, डावखुरा, तालुक्याच्या पूर्वेकडच्या कोरडवाहू गावातला. बदल्यात नगरवाले त्यांचा कॅचर द्यायला तयार होते. कॅचर बॅटरच्या मागे उकिडवा बसून पिचरचा चेंडू झेलतो. हा कॅचर तिशीतला, मुरलेला खेळाडू होता.

आमचा कॅप्टन स्वतःच कॅचर होता. त्याचं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. क्लब त्यानेच उभा केला आणि किट ठेवायला दुकानाचा पोटमाळाही त्यानेच दिला.

“त्या नगरवाल्याची बॅट लई चालती,” तो मला म्हणाला. “कॅचिंगचं काय, ते मी करीनच. तुमी फक्त पोराकडं बघा सर. पुढं जानारा असंल तर ठेवू, न्हाईतर देऊन टाकू.”

मी रोज संध्याकाळी जाळीच्या मागे खुर्ची टाकून बसू लागलो. पोराचा वेग चांगला होता. पण सामना अर्ध्यावर आला की त्याचं कोपर खाली यायचं आणि चेंडू सरळ, सोपा जायचा. शिवाय ऊसतोडणीचा हंगाम लागला की तो आईवडिलांबरोबर कारखान्याकडे जायचा, म्हणजे ऐन स्पर्धेत आमच्याकडे नसायचा. असे पिचर मी आधीही पाहिले होते. द्यायला हरकत नाही, असं माझं मत जवळजवळ ठरलं होतं.

एकदा मी सरावाला लवकर पोचलो, तर तो एकटाच भिंतीला टेकवलेल्या टायरमध्ये चेंडू फेकत होता. मी मैदानाकडेच्या चहाच्या टपरीपाशी थांबून पाहिलं. चेंडू सरळ येतोय असं वाटायचं आणि टायरजवळ आल्यावर हातभर खाली पडायचा. हा चेंडू मी सामन्यात क्वचित पाहिला होता, आणि प्रतिस्पर्धी खेळाडू तिसऱ्या बेसवर असताना तर एकदाही नाही. अशा वेळी कॅचरच्या हातून चेंडू सुटला की तो खेळाडू पळत येऊन धाव घेतो.

“हा चेंडू सामन्यात का टाकत नाहीस?” मी विचारलं.

तो टायरमधला चेंडू काढायला गेला. परत येऊन म्हणाला, “कॅप्टन लई चांगले हायेत, सर.”

एवढंच. तो पुन्हा टायरकडे वळून फेकायला लागला. पुढच्या सराव सामन्यात मी पिचरकडे पाहिलंच नाही, कॅप्टनकडे पाहिलं. खाली पडलेला एक चेंडू त्याच्या हातमोज्याला लागून मागे गेला. तो गुडघ्यावर हात टेकत उठला. तेवढ्यात पिचरने आपलीच चूक झाल्यासारखा हात वर केला. त्यानंतर तसा चेंडू त्या दिवशी आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. कॅप्टन गिऱ्हाइकाला बेअरिंग दाखवत होता. गिऱ्हाईक गेल्यावर मी सांगितलं, “त्याचा चांगला चेंडू तुम्हाला झेलता येत नाही, म्हणून तो टाकत नाही.”

“असं तो म्हनला?”

“नाही. मी म्हणतोय.”

त्याने बेअरिंग पुन्हा कागदात गुंडाळलं, डब्यात ठेवलं, डबा फळीवर ठेवला. मग म्हणाला, “मंग कॅचर आनू, आन् पोरगं बी ठेवू. मी मैदानाच्या कडंला खेळतो.” लगेच त्याने नगरला फोन लावला, पिचरऐवजी दुसरे दोन खेळाडू देऊ केले. नगरवाले ऐकेनात. कॅचर मिळेल तर पिचरच्याच बदल्यात.

“आता काय म्हन्ता?” फोन ठेवून त्याने विचारलं.

मी द्यायला सांगितलं. आमच्याकडे राहिला तर पोरगा अर्धाच चेंडू टाकत राहणार होता. नगरकडे दुसराही चांगला कॅचर होता, आणि ते त्याची राहण्याची व कामाची सोय करणार होते, म्हणजे हंगामात तोडणीला जावं लागणार नव्हतं. आमचे बाकीचे दोघे पिचर साधारण, त्यांना भक्कम कॅचर मिळाला असता. दोन्हीकडून पाहिलं तरी हेच बरोबर दिसत होतं.

कागदावर सही करण्याआधी पोराने मला विचारलं, “मी नको झालोय का, सर?”

“तसं नाही.”

“मंग कसं हाय?”

मी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “त्यो कॅचर हितं असता तर मी तिकडं कशाला गेलो असतो?”

“तू गेल्याशिवाय तो येत नाही.”

तो थोडा हसला आणि त्याने सही केली.

त्याच्या घरी सांगायला मीच गेलो. वडील बाजेवर बसून कोयत्याची मूठ बसवत होते. “बदली झाली म्हना की,” ते म्हणाले.

“बदली नाही, अदलाबदल.”

“मंग त्याच्या बदल्यात कोन येनार?”

“एक कॅचर.”

“चांगला हाय का?”

“चांगला आहे.”

“मंग ठीक हाय,” असं म्हणून त्यांनी आतल्या बाजूला चहा सांगितला.

त्या स्पर्धेत नगरला आमचा त्यांच्याशीच सामना झाला. कॅप्टन बॅटिंगला गेला तेव्हा आमचा एक खेळाडू तिसऱ्या बेसवर होता. पिचरने तोच चेंडू टाकला. कॅप्टनची बॅट त्याच्या वरून गेली. पुन्हा तोच, पुन्हा तसंच. तिसराही हुकला, आणि तीन हुकले की बाद, म्हणून तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

“सर, ह्यो बॉल आपल्याकडं व्हता?”

“होता.”

त्याने हेल्मेट काढून बाकावर ठेवलं. सामना आम्हीच जिंकलो, नव्या कॅचरच्या एका मोठ्या फटक्यावर. नंतर पिचर आमच्या टेम्पोपाशी आला, सगळ्यांशी बोलला. कॅप्टनने त्याच्या हातात चेंडू देऊन बोटं कशी धरतोस ते दाखवायला लावलं. निघायला उशीर होतोय असं मी दोनदा सांगितलं, तरी दोघं हलेनात.

पोरगा पुढे राज्याच्या शिबिरापर्यंत पोचला, त्यापुढे नाही. आता तो नगरला एका कारखान्यात कामाला आहे आणि रविवारी खेळतो. कॅचर अजून आमच्याकडे आहे. आमच्याकडेच राहिला असता तर पोरगा कुठे पोचला असता, हे मला अजून कोणी विचारलेलं नाही. विचारलं तरी मला सांगता येणार नाही.