पडणारा माणूस

चौलच्या भक्ती तांबेला लोक चित्रकार म्हणून ओळखू लागले ते एका पडणाऱ्या माणसामुळे. त्याआधी ती रेवदंड्याच्या शाळेत चित्रकला शिकवणारी तांबेबाई होती, आणि त्याच्याही आधी महिपत गुरुजींची थोरली.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. पोरांनी शिकावं, इंग्रजी बोलावं, बौद्धवाडीचं नाव काढावं, एवढंच त्यांचं आयुष्यभराचं बोलणं. पण एकदा अलिबागच्या एसटी स्टँडवरून त्यांनी एका विनोदी सिनेमाची सीडी आणली, आणि घरातली शिस्त त्या दिवसापासून जराशी ढिली झाली. लग्नघरात नवरदेवाचा मामा शिडीवर चढून तोरण बांधतोय, खालून एकेक जण येऊन ती शिडी हलवतोय, आणि शेवटी मामा तोरणासकट थेट बँडवाल्याच्या ढोलात पडतोय, असा त्यातला प्रसंग. गुरुजी मोठ्यानं हसताना पोरांनी पहिल्यांदा तेव्हाच पाहिले. सीडीवर ओरखडे पडून चित्र अडकायला लागलं, तोवर भक्तीच्या पाठच्या हितेशला अख्खा सिनेमा तोंडपाठ झाला होता. मामा तो, बँडवाला तो, रुसलेली नवरीही तोच. ओटीवरून पेंढ्यात उडी घेऊन तो ढोलात पडायचा आणि सखूबाई, या दोघांची आई, पदर तोंडाला लावून हसायची.

मुंबईच्या एका गॅलरीत दरवर्षी जुन्या विनोदी सिनेमांवरच्या चित्रांचं प्रदर्शन भरायचं. आपल्याला हसवून गेलेल्या सिनेमाला चित्रकारानं आपल्या परीनं सलाम करायचा, अशी कल्पना. कुणी पोस्टर करी, कुणी मातीच्या बाहुल्या. भक्तीला हे कळलं तेव्हा दुसरं काही तिच्या डोक्यात आलंच नाही. तिनं पडणारा मामा काढायचा ठरवलं, जुन्या हाती रंगवलेल्या सिनेमाच्या बोर्डांसारखा, भडक पिवळ्या-गुलाबी रंगांत, हवेत तिरका झालेला, एक चप्पल पायातून निसटलेली, हातात तोरण.

शरीर काही केल्या जमेना. मग हितेश परसातल्या टाकीवर चढला, खाली गादी आणि पेंढा टाकला, आणि तो पडत राहिला. भक्ती मोबाइलवर फोटो काढत राहिली.

"अंग सैल सोडायचं, ताई," तो अंगाला चिकटलेला पेंढा झाडत म्हणाला. "अंग आवळलं ना, की माणूस पडत न्हाय, आपटतो."

चित्रात चेहरा त्या सिनेमातल्या नटाचा होता, बाकी सगळा हितेश. ते पहिल्याच दिवशी विकलं गेलं. गॅलरीच्या अमिषा मॅडमचा फोन आला, पुढच्या वर्षी आम्हाला हाच माणूस हवा, वेगळ्या ठिकाणाहून पडणारा. तेव्हापासून हितेश दरवर्षी पडला. सायकलवरून, बैलगाडीवरून, झोपाळ्यावरून. वर्तमानपत्रात एकदा भक्तीचा फोटो आला, तो गुरुजींनी बाबासाहेबांच्या तसबिरीखाली चिकटवला. हितेश मात्र प्रदर्शनाला कधी गेला नाही. मी आलो तर लोक तुला सोडून माझ्याच सह्या घेतील, म्हणायचा.

तो एसी बसवायचं काम करायचा. नागाव, आवास, किहीम, जिथे मुंबईकरांचे बंगले उठले तिथे त्याची बाइक. दिवाळीच्या आधी सगळ्यांनाच घाई असते. त्या वर्षी पाऊस लांबला होता आणि नागावच्या एका बंगल्याच्या छज्ज्यावर शेवाळ अजून ओलं होतं. कमरेला सुरक्षेचा पट्टा नव्हता. बाहेरचं मशीन ब्रॅकेटवर चढवताना त्याचा पाय सरकला. खाली जांभ्याच्या पायऱ्या होत्या.

भक्ती तेव्हा आठवीच्या वर्गात पेल्याची सावली कशी काढायची ते शिकवत होती. परेश म्हात्रेचा फोन आला. परेश हितेशचा शाळेपासूनचा दोस्त, त्याचा टेम्पो होता. त्यातच घालून त्यानं हितेशला अलिबागला नेलं होतं. भक्ती पोचली तेव्हा हितेश शुद्धीवर होता. डोळे छताकडे. तिनं त्याचा हात धरला.

"अंग सैल सोडलं होतं गं, ताई," तो म्हणाला. "सवयीनं."

पुढे मुंबई, ऑपरेशन, आणि मग डॉक्टरांनी गुरुजींना बाजूला घेऊन सांगितलेलं. मणका गेला होता. कमरेखालचं आता येणार नव्हतं. गुरुजींनी सगळं नीट ऐकून घेतलं, डॉक्टरांचे आभार मानले आणि बाहेर येऊन बाकावर बसले. घरी आल्यावरही ते तसेच बसत. हातात पेपर, पान उलटलं जात नसे.

हितेशचं लग्न ठरलं होतं, मुरुडकडची मुलगी. तिची माणसं भेटायला आली, चहा घेतला, मुलगी दाराशी उभी राहून रडली, आणि नंतर कुणी आलं नाही. त्यांच्या जागी मी असतो तरी हेच केलं असतं, असं हितेशनं आईला समजावलं. लेकाला या कुशीवरून त्या कुशीवर वळवणं, पाठ पुसणं, नळी बदलणं, हे सगळं सखूबाईनं इस्पितळातल्या सिस्टरकडून शिकून घेतलं होतं. ते करताना ती लहानपणी त्याला न्हाऊ घालायची तशीच पुटपुटत राहायची. सगळ्यात जास्त ते भक्तीला ऐकवत नसे.

अशात अमिषा मॅडमचा फोन आला. नागावला एका पोफळीच्या वाडीत त्यांनी नवीन गॅलरी काढली होती, आणि पहिलं प्रदर्शन विनोदी सिनेमांचंच होतं. भक्तीला त्या एक अख्खी भिंत देणार होत्या, पडणाऱ्या माणसासाठी. घरात काय घडलंय ते त्यांना ठाऊक नव्हतं. भक्तीनं ते सांगितलं नाही, नुसतं जमणार नाही म्हणून फोन ठेवला.

हितेशनं पलीकडच्या खोलीतून ऐकलं होतं. त्यानं तिला हाक मारली. ती आत गेली तर तो चिडलेला होता. अपघातानंतर तो चिडलेला तिनं पहिल्यांदाच पाहिला.

"नाही का म्हणालीस?"

"मला नाही जमणार, हितू."

"तुला कोण पडायला सांगतंय? पडलोय मी." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "माझे पाय आता त्या फोटोंतच हायत, ताई. दुसरीकडे कुठे हायत? तेवढे तरी काढून ठेव."

तिनं अमिषा मॅडमना परत फोन केला.

हिवाळाभर ती पडवीत बसून रंगवत होती. शाळेतून यायची, साडी बदलायची आणि बसायची. जुन्या फोटोंमध्ये हितेशचे पाय आभाळात उधळलेले होते, पोटऱ्या ताणलेल्या, बोटं फाकलेली. आजवर तिनं ते पाय भरभर उरकले होते, कारण लोकांचं लक्ष चेहऱ्याकडे जायचं. आता ती एकेका बोटावर थांबू लागली. डाव्या घोट्यावरचा व्रण तिनं याआधी कधी काढलाच नव्हता, तो काढला. आत जाऊन खरा व्रण बघून यायची. चादरीखाली ते पाय बारीक होत चालले होते, आणि कॅनव्हासवर ती त्यांना मांस चढवत होती. एकदा तिला वाटलं, चेहराही त्याचाच ठेवावा. फोटोंत पडताना तो हसत होता. तिनं तसं विचारलं तर त्यानं साफ नकार दिला. त्या नटाला बघून लोक हसतात ते चांगलं असतं, मला बघून कसं हसतील ते मला आता माहीत हाय, म्हणाला.

सगळी चित्रं मिळून भिंत भरली. डावीकडे वर शिडीवरून सुटलेला माणूस, मग थोडा खाली, मग आणखी खाली, उजव्या कोपऱ्यात ढोल जेमतेम दिसणारा. तो कुठेच पोचलेला नव्हता.

उद्घाटनाला हितेश येतो म्हणाला. गुरुजींनी त्याची दाढी केली. इस्त्रीचा निळा शर्ट त्याला घातला. परेशनं टेम्पोतून नेलं, आणि गॅलरीच्या पायऱ्यांवरून त्यानं आणि वाडीच्या राखणदारानं खुर्ची उचलून वर घेतली. पायऱ्या जांभ्याच्याच होत्या. भक्तीनं त्या पाहिल्या आणि हितेशकडे पाहिलं नाही.

आत गर्दी होती. मुंबईची माणसं, शनिवार-रविवारची, हातात पेले घेतलेली. पडणाऱ्या माणसाच्या भिंतीपुढे सगळ्यात जास्त. लोक मनापासून हसत होते, ते भक्तीलाही नाकारता आलं नसतं. एका तरुणानं त्या माणसासारखे हातपाय फेकून जमिनीवर लोळण घेतली आणि मैत्रिणीनं त्याचा फोटो काढला. मग तशा फोटोंसाठी रांगच लागली. खुर्ची मध्ये आली की लोक अदबीनं बाजूला होत, सॉरी म्हणत आणि नजर वर भिंतीकडे नेत. त्या पायांचा मालक त्यांच्यात बसलाय हे कुणाच्या मनातही आलं नाही. यायचं काही कारणही नव्हतं.

अमिषा मॅडमना परेशकडून कळलं तेव्हा त्या खरंच हादरल्या. त्यांनी हितेशचा हात हातात घेतला. हितेशनंच त्यांची समजूत घातली, कार्यक्रम छान झाला म्हणाला. एका बाईंनी भक्तीला विचारलं की एवढा आनंद तुमच्या चित्रांत येतो कुठून. लहानपणी घरी एक सिनेमा होता, एवढंच तिला सांगता आलं.

परतताना टेम्पो रेवदंड्याच्या रस्त्याला लागल्यावर हितेश म्हणाला, "सगळे हसले गं, ताई. पण खाली पोचल्यावर त्या माणसाचं काय झालं, ते कुणीच विचारलं नाही."

इतकी वर्षं भक्तीनंही ते विचारलं नव्हतं.

चित्रं सगळी विकली गेली. ती किनाऱ्यावरच्या बंगल्यांत आणि मुंबईच्या घरांत भिंतींवर लागली. पुढच्या वर्षासाठी भक्तीनं एक चित्र काढून पाहिलं. मांडव तोच, रंग तेच भडक, आणि जमिनीवर पडलेला माणूस, भोवती वऱ्हाडी वाकून बघताहेत. अमिषा मॅडमनी ते जवळून बघितलं, मग लांब जाऊन बघितलं. चित्र चांगलं आहे म्हणाल्या, पण या प्रदर्शनात ते कसं लावायचं? लोक हसायला येतात. त्यांचं काही चुकत नव्हतं. भक्तीनं ते घरी आणलं, पडवीत उलटं करून ठेवलं, आणि रंगांच्या नळ्या शाळेत मुलांना वाटून टाकल्या. आपण हात दुखतोय म्हणून थांबलोय, असं ती विचारणाऱ्यांना सांगे.

हितेशला वाटलं होतं की ती चित्रं झाल्यावर आपलं काहीतरी मार्गी लागेल. तसं त्यानं परेशला बोलून दाखवलं होतं. प्रदर्शनानंतर मात्र तो आतल्या आत मिटत गेला. जेवण अर्धं टाकू लागला. परेश आला तर झोपल्याचं सोंग घेई. पाठीला जखम झाली, ती भरता भरेना. सखूबाई त्याला काहीबाही खाऊ घालायला बघे आणि तो म्हणे, नको गं आये, हे सगळं कुणासाठी करतेस.

उन्हाळ्याच्या तोंडाला एक दिवस त्यानं आपण होऊन काही मागितलं. आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या बोटीत बसायचं होतं. आपण लहान असताना एकदा गेलो होतो, म्हणाला. घरात इतका आनंद झाला की सखूबाईनं पहाटे उठून घावणे केले. परेशनं टेम्पोत गादी टाकली. काशीद, मुरुड करत दुपारपर्यंत ते आगरदांड्याला पोचले. टेम्पो बोटीवर चढला, परेश आणि भक्तीनं खुर्ची खाली उतरवली, आणि हितेश म्हणाला, मला कडेला ने.

तिनं नेलं. बोट सुटली. कठडा त्याच्या छातीएवढा होता, पण गाड्या चढायच्या बाजूला फक्त एक साखळी होती, आणि त्याची नजर तिकडेच होती. तो पाण्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत न दिसलेला एक निवांतपणा आला होता. तो निवांतपणा बघूनच भक्तीनं खुर्चीचा ब्रेक लावला, वर एक हात ब्रेकवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं खुर्चीची पाठ घट्ट धरली. परेश टेम्पोला टेकून दुसऱ्याच कुणाशी बोलत होता. सखूबाई डबा सोडत होती.

थोड्या वेळानं हितेश मागे न बघता म्हणाला, "हात काढ, ताई. मी काही करत न्हाय."

तिनं हात काढला नाही.

"खरंच सांगतोय."

"माहीत आहे मला," ती म्हणाली, आणि तिनं हात तसाच ठेवला.

आईनं दिलेल्या घावण्याचा एक तुकडा त्यानं हातात धरला, खाल्ला नाही. दिघीचा धक्का जवळ आला, गाड्या सुरू झाल्या, धूर झाला, माणसं उतरण्यासाठी पुढे सरकली. तेव्हा भक्तीला कळलं की ब्रेकवर तिची बोटं आखडून गेली आहेत आणि ती उघडता येत नाहीत. परत न्यायला हीच एक बोट होती, तिच्यातच बसून त्यांना पुन्हा तेच पाणी ओलांडून घरी जायचं होतं.