लढाऊ विमान जळालं त्यानंतर

सिल्वासाजवळ मसाटच्या आमच्या धाग्याच्या कारखान्यात एक सुरक्षा अधिकारी होते, हवाई दलातून निवृत्त झालेले. ‘चहा घेणार?’ विचारलं की, विमानातून रेडिओवरचा संदेश परत म्हणावा तसं, आधी ‘चहा घेणार’ असं स्वतःशीच म्हणायचे, मग ‘हो’. विमानांविषयी मात्र चकार शब्द काढत नसत.

एकदा धुळ्याकडच्या आमच्या ड्रायव्हरने खेरडीजवळ बैलगाडी वाचवताना कंपनीचा नवा ट्रक नाल्यात घातला. ट्रकचा चुराडा झाला, तो मात्र वाचला. शेठ त्याला सगळ्यांसमोर कामावरून काढायला निघाले, तेव्हा सुरक्षा अधिकारी पुढे झाले.

“शेठ, लढाई संपल्यावर सरावात माझं इंजिन बंद पडलं. गाव टाळून शेतात उतरलो. मी वाचलो, लढाऊ विमान जळून गेलं. माझ्या वरिष्ठांनी मला पुन्हा विमान दिलं, म्हणून पुढे उडू शकलो.”

शेठनी विषय तिथेच सोडला. अधिकाऱ्यांनी जीपची किल्ली ड्रायव्हरच्या हातात ठेवली.

“चल, मला सिल्वासाला सोड.”

“साहेब, हात कापतायत अजून.”

“माझेही कापत होते. हळू घे.”

फाटकातच जीप बंद पडली. अधिकारी शेजारी बसून राहिले. त्याने पुन्हा किल्ली फिरवली आणि जीप रस्त्याला लागली.