हिरव्या मण्यांची वाटी

गौराक्का गेल्याचा फोन आला, तेव्हा मी मधल्या मारुतीजवळच्या एका दुकानात तिच्यासाठीच हिरवे मणी घेत होते. दवाखान्यातल्या खाटेवरून तिनं दोनदा बजावलं होतं, "सुमन, हिरवं मणी संपल्यात की. आणून ठेव." ते संपलेले नाहीत हे मला ठाऊक होतं. तरी गेले. दुकानदार पुडी बांधत होता आणि फोनवर तिची मुलगी शोभा रडत होती... आज दीड महिना झाला. ती पुडी मी अजून सोडलेली नाही. जे वेळेवर बोलायला हवं होतं तेही मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

गौराक्का माझी शेजारीण, आमच्या दोघींच्या घरांत एक भिंत. घरात कानडी, बाहेर मराठी, भांडताना दोन्ही. टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवण्यात तिचं आयुष्य गेलं. नवरा गेला, पाठोपाठ काम सुटलं आणि तिच्या हातांना चैन पडेना. अशात सुट्टीला आलेल्या माझ्या नातीची प्लास्टिकच्या मण्यांची माळ तुटली, ती हिनं ओवून दिली, आणि तिथून आमचा उद्योग सुरू झाला. सुरुवातीला सगळी फजितीच. शिवणाचा साधा दोरा दोन दिवसांत तुटायचा. म्हणून नायलॉनचा तंगूस आणला, तर त्याची गाठ निसटायची आणि मणी टपटप घरभर. शेवटी पेटत्या उदबत्तीचं टोक गाठीला टेकवून ती वितळवायची युक्ती अक्कानंच काढली. उदबत्ती देवघरातली! मी डोळे वटारले तर म्हणाली, "देवाला वास, आपल्याला गाठ. दोगांचं काम झालं की." मणी घरंगळू नयेत म्हणून खाली जुना टॉवेल अंथरायचा. मणी ठेवायला तिनं मिसळणाचा डबा रिकामा केला, हळद-तिखट बरण्यांत गेलं. सात वाट्या, सात रंग. मधल्या वाटीत काळे, कारण दृष्ट लागू नये म्हणून प्रत्येक माळेचा पहिला मणी काळा. हिरवा तिचा लाडका. मोजायची मात्र कानडीत, ओंदु, एरडु, मूरु... गड्ड्याच्या जत्रेत आमच्या माळा दोन-तीन पोरींच्या गळ्यात दिसल्या, तेव्हा या बाईनं आनंदाच्या भरात मला ओढत आकाशपाळण्यात बसवलं. मी डोळे मिटून घेतले होते, ती वरून ओरडून माळा मोजत होती.

चैत्रातल्या एका दुपारी ती म्हणाली, "हिरवं संपलं." हिरवी वाटी तिच्या डाव्या हाताशी भरलेली होती. "आंधळी झालीस का ग अक्का?" म्हणत मी डबा फिरवला, वाटी उजवीकडे आली. "आलं की!" म्हणाली, आणि दोघी हसलो. मग ते रोजचंच झालं. तिच्या उजवीकडच्या वाट्या रिकाम्या व्हायच्या, डावीकडच्या तशाच भरलेल्या. दारातली रांगोळी अर्धीच, उजवीकडची. जेवायला बसली की शेंगाचटणी वाढली नाही म्हणून माझ्यावर डाफरायची. चटणी रीतीप्रमाणे पानात डावीकडे वाढलेलीच असायची. मी मुकाट्यानं ताट फिरवायचे. डाव्या पायातली चप्पल रस्त्यात गळून पडायची, आणि ती तशीच पुढे चालत राहायची, एक पाय तापल्या डांबरावर. मला भीती वाटायला लागली होती. खोटं कशाला बोलू?

एकदा धीर करून म्हटलं, "अक्का, डॉक्टरांना दाखवू या. शोभाला कळवते." तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "शोभाला सांगू नगं. कळलं की मंगळवेढ्याला न्हील मला. तितं काय करू मी? दाराकडं बगत बसू? चष्म्याचा नंबर वाढला आसंल." चष्म्यानं चप्पल गळत नाही, एवढी अक्कल मला होती. पण मी पटवून घेतलं. ती गेली असती तर माझ्या दुपारी कुणाबरोबर गेल्या असत्या? मीही एकटीच की. तेव्हापासून ती बसायच्या आधीच मी डबा नीट लावून ठेवू लागले, मधेच चहाचं निमित्त काढून उठता उठता फिरवू लागले. शोभा येणार असली की मी जास्तच जपायचे, ताटसुद्धा मीच वाढायचे. निघताना शोभा म्हणायची, "काकू, तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे." मी तिच्या पाठीवरून हात फिरवायचे.

श्रावणात भाऊ आजारी पडला म्हणून मी आठ दिवस टेंभुर्णीला गेले. नेमकी त्याच आठवड्यात शोभा मुक्कामाला आली. डबा फिरवायला कुणी नव्हतं, ताट फिरवायलाही नव्हतं. दाराच्या डाव्या चौकटीवर आई दोनदा आदळली, तेव्हा शोभानं तिला तडक दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा डॉक्टर विचारत होते, "हे कधीपासून होतंय?" शोभा म्हणाली, "आठ दिवस झाले." मेंदूच्या उजव्या बाजूला गाठ होती, बरीच वाढलेली. "थोडं आधी आला असतात तर..." एवढं बोलून डॉक्टर थांबले. मी तिथंच उभी होते, हातात टेंभुर्णीहून आणलेली पिशवी.

अक्काचे दिवस झाल्यावर घर आवरताना शोभानं तो डबा मला दिला. देण्याआधी झाकण उघडलं आणि थबकली. "काकू, हिरवे तर काठोकाठ भरलेत. मग आई संपले, संपले का म्हणत होती?"

"आजारपणात माणूस काहीही बरळतं ग," मी म्हटलं. तिला ते पटलं. माझ्या शब्दावर तिचा फार विश्वास आहे.

दुपारी मी अजून टॉवेल अंथरते. समोर अक्काची जागा मोकळी ठेवते, डबा मधे. पहिला काळा मणी ओवते आणि माझा हात आपोआप डब्याकडे जातो, फिरवायला. परवापासून मी तो आवरते. हिरवी वाटी तिच्या डाव्या बाजूलाच राहू दे. शोभा, हे मी पेपरच्या पुरवणीला पाठवतेय, ती तुझ्या घरी येते, तू हे वाचशील... तुझी आई बरळत नव्हती. तिला त्या बाजूचं काहीच दिसत नव्हतं, आणि ते मला चैत्रापासून ठाऊक होतं.