कुणीही न उचलता बोटीवर

कोल्हापुरात चहा विचारून देतात. उचलतात मात्र न विचारता.

माझे पाय पोलिओनं लहानपणीच नेले, तेव्हापासून मी उचलली जाते आहे. शाळेत, बँकेत, नाट्यगृहात, मतदानाला. खुर्ची पायरीपाशी थांबलेली दिसायचा अवकाश, कुठून तरी चारजण धावत येतात. "पावणं, धरा तिकडनं" असं एकमेकांना म्हणतात, आणि मी हवेत. एकदा तर मला भलत्याच लग्नात नेऊन ठेवलं होतं. आमचं लग्न शेजारच्या हॉलमध्ये होतं, हे सांगेपर्यंत मी अनोळखी नवऱ्यामुलाच्या पुढ्यात पोचले होते. त्यानं वाकून नमस्कार केला. मी आशीर्वाद दिला. करणार काय?

या सगळ्या उचलणाऱ्यांचा म्होरक्या म्हणजे माझा थोरला भाऊ अण्णा. साठीचा आहे, तरुणपणी तालमीत घाम गाळलेला आहे आणि जैन असून कुस्तीत नाव काढलं, हे अजूनही ओळख करून देताना सांगतो. मला पाठुंगळीला मारून त्यानं शाळेत पोचवलं, नंतर कॉलेजात. आता मी त्याच कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. तळमजल्यावर.

तर गेल्या दिवाळीनंतर मी मुंबई-गोवा-मुंबई अशा बोटीच्या सहलीची माहिती वाचत बसले होते. अटींमध्ये एक वाक्य होतं: बोटीचे कर्मचारी कोणत्याही प्रवाशाला उचलणार नाहीत. ते वाचलं आणि मी तिकीट काढलं.

अण्णानंही तेच वाक्य वाचलं.

"उचलणार न्हाईत तर चढवणार कोण तुला? क्रेन लावणार हाईत व्हय?"

"रॅम्प असतो, अण्णा. चाकानं जायचं."

"समुद्रात कसला रॅम्प?" असं म्हणून त्यानं माझ्यासोबत यायचं ठरवलं. मी बोलावलं नव्हतं. वहिनीनं मात्र सुटकेचा निःश्वास सोडला, असं मला उगाच वाटलं.

ज्यांना असं जायचं आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. खुर्ची फिरेल अशा खोल्या बोटीवर मोजक्याच असतात, तेव्हा आधी खोली पक्की करा, मग रजा टाका. दाराची रुंदी विचारा आणि न्हाणीघराला उंबरा आहे का तेही विचारा. "सगळं व्यवस्थित आहे मॅडम" हे उत्तर धरू नका, फोटो मागवा. जाहिरातीतला दर हा लग्नाच्या स्थळाच्या फोटोसारखा असतो. प्रत्यक्षात बंदराचे कर, सेवाशुल्क वगैरे मिळून अंगानं बराच भरलेला निघतो.

आम्ही आदल्या दिवशी सकाळी गाडीनं निघालो. रेल्वेला तीन पायऱ्या असतात, म्हणजे परत उचलाउचली. मला घरापासून बोटीपर्यंत एकदाही हवेत जायचं नव्हतं. गाडीत मी फळीवरून सरकून बसते, त्याला कुणाचा हात लागत नाही. कोल्हापूर ते सातारा रस्त्याचं काम चालू आहे आणि ते आमच्या हयातीत चालूच राहील अशी लक्षणं आहेत. वळणरस्ते इतके, की आपण पुढं चाललोय का मागं, हे फक्त सूर्यावरून कळतं. डब्यात धपाटे आणि दही होतं. पेठनाक्याला चहा झाला.

द्रुतगती मार्गावरच्या एका मोठ्या खानावळीत दिव्यांगांसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे. दारावर खुर्चीचं सुंदर चित्र आहे, आणि दाराला कुलूप. किल्ली व्यवस्थापकाकडं. ती मिळाली, दार उघडलं, तर आत बादल्या, फरशी पुसायचे दांडे आणि मोडका पंखा. व्यवस्थापक म्हणाले, "कुणी येतच नाही हो." मी म्हटलं, "कुलूप लावल्यावर येणार कसं?" त्यांनी सामान काढून दिलं. आम्ही निघताना वळून पाहिलं, तर ते परत आत ठेवणं चाललं होतं.

मुक्काम बंदराजवळच्या हॉटेलात. सकाळी टॅक्सीनं बंदरावर उतरले, तर फाटकाजवळ चार दणकट गृहस्थ अण्णाला मुजरा करायच्या बेतात उभे. आमच्याच पेठेतले, नवी मुंबईत नोकरीला असलेले. त्यांचा पुढारी मारुती म्हणाला, "ताई, काळजी करू नका. सुट्टी टाकून आलोय. बोटीपतूर न्हेतो."

मी अण्णाकडं बघितलं. अण्णा समुद्राकडं बघत होता.

तिकिटाशिवाय कुणालाही आत सोडत नाहीत, याबद्दल भारतीय बंदर-व्यवस्थेचं मला त्या क्षणी फार कौतुक वाटलं. चौघांना पहारेकऱ्यानं बाहेर ठेवलं. "हितंच थांबतो," मारुती म्हणाला. "लागलं तर फोन करा, उडी मारून येतो."

आत शिरल्यावर मात्र माझी जीभ हळूहळू बोथट होत गेली. लिहिणारीचं यात नुकसान असतं, पण खरं ते सांगितलं पाहिजे. फुटपाथ जिथं संपतो तिथं उतार होता. सामान घ्यायला माणूस आला आणि त्यानं खुर्चीला हात लावला नाही. कागदपत्रांचं टेबल एका ठिकाणी मुद्दाम ठेंगणं केलेलं होतं, त्यामुळं अधिकाऱ्याचा चेहरा मला दिसला. एरवी मला सरकारी टेबलाची फक्त कड दिसते. तपासणीला बाईच आली. "हात लावू का?" असं विचारून तिनं तपासलं. मी हो म्हटलं आणि अण्णाकडं पाहिलं, की बघ, असंही असतं. अण्णाचं लक्ष पट्ट्यावरून चाललेल्या बॅगेकडं होतं. तीत खजूर आणि बदाम होते.

मग मार्था आली. गोव्याची, बोटीवरची अधिकारी, चढणाऱ्यांची जबाबदारी तिच्याकडं. ती माझ्यासमोर उकिडवी बसली, म्हणजे डोळे समोरासमोर आले, आणि तिनं विचारलं, "आपली खुर्ची बॅटरीची की हाताची?"

"हाताची हाय," अण्णा म्हणाला.

मार्थानं मान डोलावली आणि मलाच परत विचारलं. मी म्हटलं, "हाताची." पन्नाशी ओलांडलेल्या बाईला स्वतःच्या खुर्चीची माहिती देता आली, याचा एवढा आनंद व्हावा हे जरा लाजिरवाणं आहे.

धक्क्यावर आलो आणि बोट दिसली. आमच्या बिद्रीच्या साखर कारखान्याला पांढरा रंग देऊन पाण्यात सोडला तर तो असाच दिसेल. फक्त धूर कमी आणि खिडक्या जास्त. बोटीच्या पोटातल्या दारापासून धक्क्यापर्यंत रॅम्प होता. पण तो जिन्यासारखा उभा चढलेला.

"भरती आहे," मार्था म्हणाली. "पाणी चढलं की बोट वर जाते, रॅम्पचा चढ वाढतो. एवढ्या चढावर खुर्ची नेणं सुरक्षित नाही. ओहोटी लागते आहे. दुपारनंतर तो खाली येईल, असा अंदाज आहे."

"आन् न्हाय आला तर?" अण्णानं विचारलं.

"संध्याकाळी दार बंद होतं. त्याआधी झालं नाही, तर घरच्यांना आपल्या जबाबदारीवर उचलून न्यावं लागेल. आमची माणसं उचलत नाहीत." मग माझ्याकडं वळून, "थांबणार?"

"थांबणार," मी म्हटलं.

"थांबायचं कशाला?" अण्णानं बाह्या सारल्या. "मी हाय की. दोन मिंटाचं काम."

तेवढ्यात बाजूनं चढणाऱ्या रांगेतून आवाज आला, "काय पावणं, उचलायचं हाय व्हय? धरू की." इचलकरंजीचे एक गृहस्थ, बायकोच्या हातात पिशव्या देऊन आमच्याकडं निघालेसुद्धा. जगाच्या पाठीवर कुठंही जा, आमचा माणूस उचलायला हजर असतो. मी त्यांना हात जोडून थांबवलं. ते थांबले, पण गेले नाहीत.

अण्णा माझ्या कानाशी आला. "सुमे, एवढा हट्ट कशाला गं? आजवर कधी पाडलंय का तुला?"

"न्हाय पाडलंस."

"मग?"

"सदऱ्याच्या आत पट्टा बांधलायस ते मला दिसत न्हाय व्हय?"

त्याची पाठ गेल्या वर्षापासून गेली आहे. डॉक्टरनं पाण्याची कळशीसुद्धा उचलू नको म्हणून सांगितलंय. घरात सगळ्यांना हे ठाऊक आहे आणि सगळे ठाऊक नसल्यासारखं वागतात, कारण अण्णाची तशी इच्छा आहे. तो धक्क्यावरच्या, बोट बांधायच्या लोखंडी खुंट्यावर बसला. सदऱ्यावरूनच पट्टा सारखा केला.

मग म्हणाला, "मी नसलो म्हंजे कोण उचलंल तुला?"

"तेच बघायला आलोय," मी म्हटलं. "कुणी न उचलता जमतंय का."

यानंतर जे झालं, ते फक्त कोल्हापूरकरच करू शकतात. पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी किती चढलं आणि किती उतरलं, यावर आमचं गाव जगतं. माणसं शेजारच्याच्या तब्येतीआधी पाण्याची पातळी विचारतात. अण्णाची नजर धक्क्याच्या भिंतीवर गेली. पाण्याच्या वर भिंतीची ओली काळी पट्टी दिसायला लागली होती.

"उतरतंय," अण्णा म्हणाला.

"व्हय, वीतभर उतरलं की," इचलकरंजीकर म्हणाले.

"वीतभर कुठलं? चार बोटं."

"अवो, मघाशी त्यो शिंपला पाण्यात व्हता."

झालं. दोघांनी भिंतीवरचा एक गंजकं कडं खूण म्हणून ठरवलं आणि पंचनामा सुरू केला. अण्णानं फाटकाबाहेरच्या मारुतीला फोन लावला. मदतीला नव्हे, पातळी कळवायला. मग वहिनीला कोल्हापूरला. "दोन हात उतरलं. न्हाय, धोका न्हाय. धोका कसला? राधानगरी धरणाचं दार हाय का हे!" इचलकरंजीकरांच्या सौभाग्यवती पिशव्यांवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "महापुरात ह्यांनी असंच केलं. घरात पाणी आलं तरी हे गच्चीवरनं मोजतच हुते."

मार्था येऊन बघून जायची. एकदा तिनं पाणी आणून दिलं, एकदा सावली सरकली म्हणून आमची जागा बदलायला सुचवलं. घाई नाही, उपकार नाही, चेहऱ्यावर ती आजारी माणसासाठी ठेवणीतली करुणा नाही. आपलं काम एवढ्या साधेपणानं करणारी माणसं पाहिली की माझ्यासारखीची पंचाईत होते. टोमणा मारायला जागाच सापडत नाही.

आणि रॅम्प खरोखर खाली आला. हळूहळू, म्हैस बसते तसा.

"चला," मार्था म्हणाली. "मी मागे आहे. हात लावायचा असेल तर सांगा."

मी चाकं धरली. चढ होताच. निम्म्यावर दंड भरून आले, आणि मागं अण्णाचा श्वास ऐकू येत होता, जसा कुस्ती बघताना येतो तसा. त्याचे हात दोनदा खुर्चीकडं आले असणार, कारण मार्था दोनदा हळूच "सर" म्हणाली. शेवटी दाराशी छोटा उंबरा होता. त्यावर त्यांनी पत्र्याची फळी टाकली. चाक खडखडलं आणि मी आत. घर सोडल्यापासून मी एकदाही हवेत गेले नव्हते.

मागून टाळ्या वाजल्या. इचलकरंजीकर. त्यांच्या पत्नी त्यांना म्हणाल्या, "आता तरी चढा."

अण्णानं मारुतीला फोन केला. "गेली वर. न्हाय. कुणीच न्हाय. तिची तीच." मग पलीकडचं ऐकत राहिला आणि म्हणाला, "तुम्ही जावा आता. जेवून जावा, उपाशी जाऊ नगा."

खोलीत खुर्ची पूर्ण गोल फिरली. न्हाणीघराला उंबरा नव्हता. मी तीनदा आत-बाहेर केलं, निव्वळ चैन म्हणून. आम्ही सूर्य बुडायच्या आत जेवणारे; आगाऊ कळवलं होतं, तर संध्याकाळी बरोबर वेळेवर कांदा-लसूण-बटाटा नसलेलं ताट आलं. वाढणाऱ्यानं अण्णाला विचारलं, "और कुछ?" अण्णा म्हणाला, "दूध हाय का?" लोटाभर आलं. बोट सुटली तेव्हा आम्ही डेकवर होतो. मुंबई मागं सरकत होती आणि माझा भाऊ कठड्यावर हात ठेवून उभा होता. त्या हातांना काय काम द्यावं हे त्याला कळत नव्हतं, म्हणून मी त्यात माझी शाल दिली.

गोवा बघितला, छान आहे. त्याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे.

परत आल्यावर काही चमत्कार झालेला नाही. कॉलेजची लिफ्ट मंजूर आहे, म्हणजे नाही. आमच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. त्यावर फळी टाकतो, ती पावसात निसरडी होते. पण परवा भाच्याचं लग्न होतं, गडहिंग्लज रस्त्यावरच्या कार्यालयात. दारात आठ-दहा पायऱ्या. खुर्ची थांबली, चारजण धावले, "पावणं, धरा तिकडनं" झालं आणि हात खुर्चीला लागायच्या आत अण्णा मध्ये आला.

"थांबा. इचारलं का तिला?"

चौघं तसेच वाकलेले राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, की असा प्रश्न त्यांना आयुष्यात पडला नव्हता. मग त्यातला एक माझ्याकडं बघून, जरा चाचरत म्हणाला, "ताई... उचलू का?"

मी पायऱ्या बघितल्या. सूर्य कार्यालयाच्या छपराला टेकला होता आणि आत शेवटची पंगत बसत होती. कार्यालयाच्या मालकाला रॅम्पबद्दल काय ऐकवायचं, तेही मनात तयार होतं, पण ते जेवून ऐकवता आलं असतं.

"उचला," मी म्हटलं.

अण्णा बाजूला उभा राहिला. पाठीमागं हात बांधून, "डावीकडनं जरा वर घ्या" एवढंच म्हणत. मी हवेतून जाताना तो म्हणाला, "न्हाय म्हणायचं हुतंस की, सुमे."

म्हणणार होते. पण पन्नास वर्षांत पहिल्यांदा आमच्याकडं कुणी विचारलं होतं. नाही म्हणवेना.